दर सहा तासांनी पाणी

एल ताटिओला पहाटे चारची थंडी अशी
की खिशातली किल्ली बोटांना चिकटते.
आणि चार पावलांवर पाणी उकळत असतं.
शहाऐंशी अंशांवरच उकळतं ते इथे,
हवा इतकी विरळ की पाण्यालाही
पुरतं तापायचा धीर नाही.

माझं काम सोपं होतं.
आन्तोफागास्ताहून इराइडाबाई आल्या,
कुंडाच्या पांढऱ्या, खरबरीत कडेवर नऊ बशा मांडल्या,
म्हणाल्या, फेर्मिन, दर सहा तासांनी
प्रत्येकीत चमचाभर पाणी घाल. सुकू दे. पुन्हा घाल.
आत काय आहे? मी विचारलं.
थोडी चरबी, म्हणाल्या, थोडे क्षार,
आणि काही अशी द्रव्यं
जी आभाळातून दगडांबरोबरही पडतात.
म्हणजे रस्सा, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

घातलं. सुकलं. घातलं. सुकलं.
तव्यावरच्या डागासारखी साय धरायची तळाला.
तेव्हा हे काम कुंडच करायचं, बाई सांगत होत्या:
उसळायचं, कडेवर सांडायचं, मागे फिरायचं,
चार अब्ज वर्षांपूर्वी, जेव्हा दिवस आखूड होता
आणि चंद्र आजच्यापेक्षा किती जवळ.
पगार नाही, गजराचं घड्याळ नाही.
मला मात्र पाचव्या रात्री झोप लागली
आणि सातवी बशी कोल्ह्याने चाटून साफ केली.

(त्याला काही झालं नाही. परवा पुन्हा दिसला.)

एलेउतेरिया मावशी प्रवाशांना विकायला
कास्पानाहून चीज घेऊन येते, ती त्या दिवशी खोलीत आली.
बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.
एक डोळा मिटून, तोंड उघडं ठेवून
ती बराच वेळ बघत राहिली.
गोळे, म्हणाली. लामाच्या मटणावर तरंगतात तसे.
जिवंत आहेत?
नाही.
मग मेलेले?
मरायला आधी जगावं लागतं हो, बाई म्हणाल्या,
आणि स्वतःच दमल्यासारख्या खुर्चीत बसल्या.
अडचण एकच, म्हणाल्या, गळतात.
आत काही भरावं, तर हळूहळू झिरपून बाहेर जातं.

मावशीने चीजचं फडकं सोडलं, परत बांधलं.
माझ्या कुंपणाची भिंत नुसत्या दगडांची आहे, म्हणाली,
चिखल नाही, काही नाही, पलीकडचं दिसतं फटींतून.
दिराने त्याची सिमेंटने लिंपून घेतली.
पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने आडवी केली, तीन लामा खाली गेले.
वाऱ्याला जाऊ द्यावं लागतं.
नाहीतर आतलं उपाशी मरतं की नाही, ते तुम्हाला माहीत.

बाई काही बोलल्या नाहीत.
बाहेर मोठं कुंड धडधडलं आणि गप्प झालं.

मी नंतर खूपदा त्या पहिल्या गोळ्याचा विचार केला.
त्याच्याआधी जगात सगळं बाहेरच होतं.
पाऊस बाहेर, लाव्हा बाहेर, समुद्रसुद्धा बाहेर.
मग कुठल्याशा कडेवर, सुकता सुकता,
चरबीची एक घडी स्वतःवर वळली
आणि थेंबभर पाण्याला
आत हा शब्द मिळाला.
तोही गळका.
किती फुटले असतील, मोजायला कोणी नव्हतं.
एखादा फुटायच्या आधी दोन झाला असेल,
म्हणून आज माझ्या हातात चमचा आहे.

सहा वाजले.
प्रवाशांच्या गाड्यांचे दिवे चढावर दिसू लागले.
हातमोजा काढला तर अंगठ्याची भेग पुन्हा उकललेली,
रक्ताचा एक ठिपका, लगेच गोठला.
आठ बशांत पाणी घातलं.
नववीला, कोल्ह्याच्या वाटणीच्या रिकाम्या बशीला,
उगाच एक चमचा.